ग्रीसची बेटं बोटीने: ऑगस्ट, सासूबाई आणि नवऱ्याची एक्सेल शीट

मेघना_श्टुटगार्ट

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये ग्रीसला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात, शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही). त्या पुण्याहून आमच्याकडे आल्या आहेत. ८ तारखेला अथेन्सला उतरायचं आणि १८ ला संध्याकाळी परतीचं विमान.

नवऱ्याने एक्सेल शीट केली आहे. अथेन्स, मिकोनोस, मिलोस, नाक्सोस, सँटोरिनी, मग कोस, कोसहून एक दिवस समोर तुर्कस्तानात बोद्रुम आणि १८ ला सकाळी विमानाने अथेन्सला परत. सगळ्या बोटी वेगवान घेतल्या आहेत म्हणजे वेळ वाचेल, असं त्याचं म्हणणं. शीटमध्ये सगळं बसतं, पण ती बघूनच मला धाप लागते. जाऊन आलेल्यांनी स्पष्ट सांगा. कोणती बेटं गाळू? आणि बोट लागते का हो तिथे?

टवाळ

शीटमध्ये सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी वेगळा रकाना आहे का?

अथेन्सवासी

मेघनाताई, नकाशावर दोन बेटं शेजारी दिसली म्हणजे त्यांच्यात बोट असेलच असं नाही. इथली बहुतेक वाहतूक अजूनही अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघणाऱ्या लाईनींवर चालते. मधली लाईन पारोस, नाक्सोस, सँटोरिनी. पश्चिमेची लाईन किथ्नोस, सेरिफोस, सिफ्नोस, मिलोस. मिकोनोस उत्तरेकडे आंद्रोस आणि तिनोसबरोबर, तिथल्या पुष्कळ बोटी पिरेअसऐवजी राफिनाहून सुटतात आणि राफिना विमानतळाला जवळ पडतं. कोस आणि ऱ्होड्स हा दोदेकानीसचा वेगळाच गट, पार तुर्की किनाऱ्याला लागून. एका लाईनवर पुढेपुढे जाणं सोपं. लाईन बदलली की उन्हाळ्यापुरत्या चालणाऱ्या वेगवान बोटींवर अवलंबून राहायचं, आणि वाऱ्यात आधी त्याच रद्द होतात.

तुमच्या शीटमध्ये तीन-चार वेळा लाईन बदलली आहे. मिलोस आणि कोस सरळ काढून टाका. दोन्ही सुंदर आहेत, पण या वेळी नाही.

दुसरं, कोसहून बोद्रुम. सासूबाईंचा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे की अनेकदा? ग्रीसमधून तुर्कस्तानात पाऊल टाकलं की शेंगेनबाहेर गेलात. एकदाच प्रवेशाचा असेल तर संध्याकाळच्या बोटीने परत येता येणार नाही. तुमच्याकडे जर्मनीचा राहण्याचा परवाना आहे, त्यामुळे तुमच्या लक्षातही येणार नाही. धक्क्यावर पासपोर्ट तपासणी असते, तिथे रडून उपयोग नसतो.

मेघना_श्टुटगार्ट

बाप रे! एकदाच प्रवेशाचा आहे. बोद्रुम बाद. कोसही बाद.

टवाळ

शीटचा पहिला बळी. नवऱ्याला पाणी द्या.

चहाबिस्किट

अथेन्सवासींना +१. मी पुढे जाऊन म्हणेन की वेगवान बोटीही बाद करा. कारण सांगते.

वेगवान कॅटमरान म्हणजे बंद डबा. बहुतेकींवर उघडा डेक नसतोच, असला तरी नावाला. खिडकीची काच मिठाने पांढरी झालेली. चार-पाच तास एसीत नंबर लावलेल्या खुर्चीवर बसून राहायचं आणि एजियन समुद्र टीव्हीवर दाखवतात तो बघायचा. तिकीट मोठ्या बोटीच्या जवळजवळ दुप्पट. पिरेअस ते सँटोरिनी वेगवान बोट पाचेक तास घेते, मोठी बोट साडेसात-आठ. म्हणजे वाचले तीन तास.

मोठ्या बोटीवर सात मजले, दोन-तीन उपाहारगृहं, मुलाला पळायला जागा, वर उघडा डेक. ब्लू स्टार कंपनीची सकाळची बोट पिरेअसहून साडेसातच्या सुमारास सुटते, पारोस आणि नाक्सोस करत दुपारी सँटोरिनीला. प्रत्येक बेटावर पाच-दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात कठड्यावर उभं राहून अख्खं बंदर बघून होतं. नाक्सोसला शिरताना डाव्या हाताला एका छोट्या टेकडीवर नुसती एक संगमरवरी चौकट उभी दिसते, तीच पोर्तारा. इ. स. पूर्व सहाव्या शतकात अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं, ते अर्धवट राहिलं आणि दरवाजा तेवढा उरला.

सई_लंडन

चहाबिस्किट, सगळं मान्य, पण सगळ्यांना आठ तास डेकवर बसायची हौस नसते. आमच्याबरोबर लहान मूल होतं आणि नाक्सोस ते सँटोरिनी आम्ही वेगवान बोटीनेच गेलो. दीड तासात काम झालं. कमी अंतराला काय हरकत आहे? शिवाय ऑगस्टात मोठ्या बोटीच्या डेकवर सावलीतली जागा मिळणं हीसुद्धा लढाईच. लोक टॉवेल टाकून जागा धरतात.

चहाबिस्किट

कमी अंतराला माझीही हरकत नाही. पण त्याच टप्प्याला मोठी बोट दोन तास घेते, सई. अर्ध्या तासासाठी कशाला?

दर्यावर्दी

बोट लागण्याबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं, ग्रीक कॅप्टनांच्या हाताखालीही काम केलं आहे.

ऑगस्टमधला एजियन म्हणजे मेल्तेमी. उत्तरेचा कोरडा वारा. बाल्कनवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानावर कमी, या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात तो घुसतो. आकाश निळंभोर, ढगाचा टिपूस नाही, आणि समुद्र पांढरा. आपल्याकडे वादळ म्हणजे काळोखी आणि पाऊस, त्यामुळे आपली माणसं हॉटेलच्या खिडकीतून ऊन बघतात आणि निर्धास्त राहतात. मेल्तेमी जुलै-ऑगस्टात जोरावर असतो आणि धरला तर चार-पाच दिवस सोडत नाही. तिनोस-मिकोनोसच्या पट्ट्यात त्याचा मार जास्त.

वारा मोजायचा बोफोर्टमध्ये. ६ म्हणजे २२ ते २७ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), ८ म्हणजे ३४ ते ४०. साधारण ८ चा अंदाज आला की तटरक्षक दल मोठ्या बोटींनाही बंदरात थांबवतं. वेगवान बोटी त्याच्या बऱ्याच आधी थांबतात. हा निर्णय कंपनीचा नसतो, बंदर अधिकाऱ्यांचा असतो, त्यामुळे काउंटरवरच्या मुलीशी भांडू नका.

कॅटमरान हलकी आणि दोन अरुंद पोटांवर तरंगणारी. लाट आडवी आली की तिचे झटके आखूड आणि भराभर येतात, आणि पोटात ढवळतं ते त्याने. मोठ्या बोटीला दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, ते डोलणं मारतात. डोलते, पण सावकाश. सासूबाईंना जहाजाच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर बसवा. पुढच्या टोकाला मोठी काच असते म्हणून सगळे तिकडे धावतात, तिथे उसळी सर्वांत जास्त. गोळी बोटीत चढण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. त्यांना रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

सई_लंडन

काका, कॅटमरानबद्दल पटलं. आमच्या वेळी वारं नव्हतं म्हणून जमलं, नाहीतर मुलाने मांडीवरच कार्यक्रम केला असता.

अथेन्सवासी

दर्यावर्दी काकांनी लिहिलंय त्यावरून महत्त्वाचं. परतीच्या विमानाच्या दिवशी बोट ठेवू नका. १७ ची रात्र अथेन्समध्येच काढा. "संध्याकाळचं विमान आहे, सकाळच्या बोटीने पोचतो की" म्हणणारे दर ऑगस्टात पिरेअसच्या धक्क्यावर रडवेले भेटतात. आणि बेटावरून विमानाने यायचं म्हटलं तरी विमानाची आसनं मोजकी. बोटी अडल्या की सगळं बेट त्या आसनांमागे लागतं.

बोट रद्द झाली तर: युरोपीय संघाच्या ११७७/२०१० या नियमानुसार पुढची बोट किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते तुम्ही ठरवायचं. सुटायला ९० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तरी हाच पर्याय. रात्र काढावी लागली तर हॉटेलचा खर्च कंपनीने द्यायचा, रात्रीला ८० युरोपर्यंत, जास्तीत जास्त तीन रात्री. पण हवामानामुळे अडली असेल तर हॉटेलही नाही आणि नुकसानभरपाईही नाही, फक्त तिकिटाचे पैसे किंवा दुसरी बोट. ऑगस्टमध्ये कारण बहुतेक वेळा हवामानच असतं, हे धरून चाला.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला वेगवान बोट रद्द झाल्याचा निरोप आला तो ग्रीकमध्ये, तोही ज्या नंबरवर बुकिंग केलं त्या भारतातल्या मोबाईलवर. तो फोन घरी ड्रॉवरमध्ये. तेव्हा बुकिंगला चालू नंबर द्या.

चहाबिस्किट

मरीनट्रॅफिक हे अॅप फोनवर टाका. बोट नेमकी कुठे आहे ते नकाशावर दिसतं. हे जगभर वापरलं जातं, पण जन्मलं एजियन विद्यापीठातल्या प्रकल्पातून, २००७ च्या सुमारास. आपली बोट मागच्या बेटावरून हललीच नाही हे दिसलं की निवांत आणखी एक फ्रेडो (इथली थंड कॉफी) मागवायची. उन्हात धक्क्यावर तास-तास उभं राहायचं वाचतं.

मेघना_श्टुटगार्ट

सगळ्यांचे खूप आभार. नवऱ्याने तोंड वाकडं केलं, पण १७ ची रात्र अथेन्सला हे कबूल झालं. आता मला चढण्या-उतरण्याची भीती वाटते. सासूबाईंना जिने फार जमत नाहीत. आणि सामान कुठे ठेवतात?

चहाबिस्किट

हे नीट वाचा, कारण हे आधी कोणी सांगत नाही.

बोट बंदरात येते ती गर्रकन वळून, पाठ धक्क्याकडे करून. पुढे नांगर टाकतात, त्याच्या साखळीचा खडखडाट अख्ख्या जहाजात ऐकू येतो, आणि बोट उलटी उलटी मागे येते. मागची लोखंडी फळी बोट पूर्ण टेकायच्या आतच खाली यायला लागते. तुम्ही त्या वेळी कुठे असता? खाली, गॅरेजमध्ये. दहा-पंधरा मिनिटं आधी घोषणा होते आणि उतरणारे सगळे जिन्याने खाली जाऊन ट्रकांच्या मध्ये उभे राहतात. अंधार, डिझेलचा वास, प्रचंड उकाडा, ओली निसरडी जमीन. इंजिनं सुरू केलेल्या गाड्या एका बाजूला, बॅगा घेतलेली माणसं दुसऱ्या बाजूला. फळी उघडताना आधी एक पांढरी फट दिसते, मग डोळे दिपवणारं ऊन, आणि तेवढ्यात खलाशी शिट्ट्या मारून "चला, चला" करायला लागतो. त्याच फळीवरून चढणारे समोर उभेच असतात. पाच मिनिटांत सगळा खेळ संपतो आणि बोट निघते.

सामान गॅरेजमध्येच भिंतीलगतच्या मांडण्यांवर ठेवायचं. प्रत्येक मांडणीवर बेटाचं नाव लिहिलेलं असतं, आपल्या बेटाच्या मांडणीवरच ठेवा. पासपोर्ट, औषधं, पैसे वर बरोबर न्यायचे. काळ्या रंगाच्या चाकांच्या बॅगा असतील तर हँडलला एखादी भडक ओढणी बांधा, तिथे सगळ्यांच्या बॅगा काळ्याच.

जिन्यांचं: मोठ्या नव्या बोटींवर गॅरेजमधून वर जायला सरकते जिने असतात आणि लिफ्टही असते. चढताना तिकीट बघणाऱ्या माणसाला सांगायचं, "आजींना लिफ्ट हवी." ग्रीक लोक म्हाताऱ्या माणसांशी फार प्रेमाने वागतात. उतरताना घोषणेची वाट बघू नका, त्याआधीच रिसेप्शनला जाऊन सांगून ठेवा.

दर्यावर्दी

आणि फळी उचलायला लागल्यावर कोणी धावायचं नाही, सुटली तर सुटली. सप्टेंबर २०२३ मध्ये पिरेअसला क्रीटच्या बोटीत शेवटच्या क्षणी चढू पाहणाऱ्या एका प्रवाशाला खलाशांनी फळीवरून ढकललं. तो पाण्यात पडून बुडाला. देशभर संताप उसळला आणि जहाजखात्याच्या मंत्र्याला पायउतार व्हावं लागलं. सुटायच्या तासभर आधी धक्क्यावर असा.

टवाळ

काका, एकदम गंभीर केलंत वातावरण. पण बरोबर आहे.

अण्णा_रत्नागिरी

हे वाचून मुंबई-पणजी बोटीचे दिवस आठवले. कोंकण सेवक, कोंकण शक्ती. रत्नागिरीला बोट बाहेर थांबायची आणि पडावातून हेलकावे खात तिच्यापर्यंत जायचं. माझी आजी डोक्यावर फणस घेऊन चढली होती. पावसाळ्यात बोटी बंद, तिथे वाऱ्यात बंद, एवढाच फरक म्हणायचा. आपल्या किनाऱ्यावर ही सेवा संपली. त्यांनी ती कशी टिकवली? एवढ्याशा बेटांना हिवाळ्यात बोट परवडते कशी?

अथेन्सवासी

अण्णा, परवडत नाहीच. ज्या मार्गांवर धंदा होत नाही तिथे सरकार निविदा काढून पैसे देतं आणि कंपनीला ठरलेल्या फेऱ्या वर्षभर कराव्या लागतात. नाहीतर हिवाळ्यात बेटावर औषधं, भाजी, पेट्रोल काहीच पोचणार नाही.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे एक्सप्रेस स्कोपेलितिस. चिमुकली बोट, नाक्सोसहून इराक्लिया, स्खिनुसा, कुफोनिसी, दोनुसा करत अमोर्गोसला. एरवी तिथल्या माणसांची जीवनवाहिनी, उन्हाळ्यात पाठपिशवीवाल्यांची लाडकी. डेकवर पावाचे खोके, फ्रीज, रोपांच्या कुंड्या, कोणाचं तरी कुत्रं. वाऱ्यात जाम हलते. सासूबाईंना घेऊन नका जाऊ, पण तुम्ही दोघं कधी वेगळे आलात तर जा.

अवांतर: भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट जाणारी रो-रो बोट 'प्रोटोपोरोस' ग्रीसमध्येच बांधलेली आहे. मार्च २०२० मध्ये सुरू झाली. अलिबागला जाताना तुम्ही ग्रीक बोटीतूनच जाता, अण्णा.

अण्णा_रत्नागिरी

काय सांगता! त्या बोटीत बसलोय की मी. वडापाव खाल्ला होता.

सई_लंडन

मेघना, तुझ्या तारखांत १५ ऑगस्ट येतोय. आपला स्वातंत्र्यदिन, तिकडे मेरी मातेचा मोठा सण. अख्खं अथेन्स बेटांवर आलेलं असतं. तिनोसला तर जत्राच, बंदरापासून देवळापर्यंतचा चढ लोक गुडघ्यांवर रांगत जातात, रस्त्याच्या कडेला त्यांच्यासाठी गालिच्याची पट्टी घातलेली असते. पारोसच्या मोठ्या देवळातही उत्सव असतो. सणाच्या आदल्या दिवसांत जाणाऱ्या आणि १६-१७ ला परतणाऱ्या बोटी भरून वाहतात. तिकिटं आत्ताच काढ.

अथेन्सवासी

सईंना +१. १९४० साली याच दिवशी, लोक उत्सवासाठी जमलेले असताना, तिनोसच्या बंदरात नांगरलेली ग्रीक युद्धनौका 'एल्ली' इटलीच्या पाणबुडीने बुडवली. तेव्हा ग्रीस-इटली युद्ध जाहीरही झालं नव्हतं. दरवर्षी उत्सवात त्या खलाशांनाही मानवंदना देतात.

मेघना_श्टुटगार्ट

मग आता असं केलंय, बघा बरं. ८ अथेन्स, ९ ला सकाळच्या मोठ्या बोटीने नाक्सोस. १४ पर्यंत तिथेच, मधल्या एका दिवशी पारोस बघून परत. १४ ला मोठ्या बोटीने सँटोरिनी, १७ ला मोठ्याच बोटीने पिरेअस. मिकोनोस गाळलं. नवरा म्हणतो, "मिकोनोस न बघता ग्रीस?" सासूबाई म्हणाल्या, "अरे, मी दिवेआगर न बघता कोकण केलंय." विषय संपला.

चहाबिस्किट

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आता बरोबर बसलं.

नवऱ्याला फारच रुखरुख लागली तर नाक्सोसहून हंगामात डेलोस (प्राचीन अवशेषांचं बेट) आणि मिकोनोसची एका दिवसाची सहल निघते. डेलोसला रात्री राहायला परवानगीच नाही, त्यामुळे सगळेच सहलीने जातात. पण डेलोसवर सावली नाही आणि चाल खूप, सासूबाई नाक्सोसला राहिलेल्या बऱ्या.

सँटोरिनीत बोट लागते अथिनिओसला, उभ्या कड्याखाली. वर जायला नागमोडी रस्ता, फीरा या मुख्य गावाला बस असते, पण बोट आली की तिथे नुसती झुंबड. हॉटेलला सांगून गाडी आधीच ठरवा. फोटोंत खेचरं, पायऱ्या आणि केबल कार दिसते ते जुनं बंदर वेगळं, तिथे क्रूझवाले उतरतात. गुडघ्यांची काळजी नको.

सई_लंडन

सँटोरिनीला भूकंपाचं काय? २०२५ च्या फेब्रुवारीत हजारो लोक बोटींनी बेट सोडून गेले होते ना?

अथेन्सवासी

हो. सँटोरिनी आणि अमोर्गोसच्या मध्ये समुद्राखाली धक्क्यांची मालिकाच लागली होती, आणीबाणी जाहीर झाली होती, जादा बोटी सोडल्या होत्या. मार्चपर्यंत ते ओसरलं आणि त्या उन्हाळ्यात पर्यटक आले. निघण्याआधी बातम्या बघा, एवढंच.

८ ला उतरताय आणि ९ ला साडेसातची बोट, म्हणून सांगतो. मुक्काम पिरेअसमध्येच करा. विमानतळावरून निळी मेट्रो २०२२ पासून थेट पिरेअसपर्यंत येते. पहाटे विमानतळावरून निघणार असाल तर मात्र मेट्रोच्या भरवशावर राहू नका, एक्स-९६ बस रात्रभर चालते. सायक्लेडीसच्या (नाक्सोस, सँटोरिनी वगैरे बेटांचा गट) मोठ्या बोटी साधारणपणे मेट्रोसमोरच्या ई-६, ई-७ फाटकांतून सुटतात, पण आदल्या दिवशी फाटक पुन्हा तपासा. बंदर एवढं मोठं आहे की ई-१ ला चालत जायचं म्हटलं तर सासूबाई तुम्हाला माफ करणार नाहीत.

मेघना_श्टुटगार्ट

तिकिटं काढली! सासूबाईंना नंबर असलेली खुर्ची घेतली, आम्ही डेकवर. शेवटचा प्रश्न. बोटीवर त्यांनी खायचं काय? आणि बाहेरचं नेलेलं चालतं का?

चहाबिस्किट

चालतं, कोणी विचारत नाही. शेजारचा ग्रीक काका पण डबाच उघडून बसलेला असतो. बोटीवर पालक घातलेली स्पानाकोपिता आणि चीजची तिरोपिता मिळते, पण त्यांच्या सारणात बरेचदा अंडं असतं, तेव्हा विचारल्याशिवाय देऊ नका. चिप्स, फळं, दही, कॉफी बिनधास्त. बाकी दशम्या, चटणी, लाडू घरूनच.

अथेन्सवासी

१ ते १४ ऑगस्ट इथे सणाआधीचा उपवास असतो, त्यामुळे बेकऱ्यांमध्ये "निस्तीसिमो" लिहिलेले पदार्थ मिळतात. त्यात अंडं, दूध, लोणी नसतं. कोळंबी, माखलं मात्र उपवासाला चालतात, तेवढं विचारून घ्या. पिरेअसला मेट्रोच्या आसपास बेकऱ्या पहाटेपासून उघड्या असतात, चढण्याआधी तिथूनच घ्या.

टवाळ

उपवासाला कोळंबी? मी ग्रीसला स्थायिक होतोय.